आरोग्यपरिणामांचे मूल्यमापन: प्रश्नावलीपासून क्वालीपर्यंत, क्रमाने

सामुदायिक वैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, सार्वजनिक आरोग्याचे संशोधक आणि आता काही रुग्णालयांचे खरेदी विभागही एखाद्या उपचाराचा खर्च त्याच्या लाभाशी ताडून पाहू लागले आहेत. खर्चाची बाजू बहुतेकांना जमते, कारण बिले समोर असतात. लाभाची बाजू मात्र पुन्हा पुन्हा चुकते, आणि ती गणितात क्वचितच चुकते. बहुतेक वेळा चूक क्रमाची असते: आधी प्रश्नावली भरून घेतली जाते, मग कोणत्या देशाचा मूल्यसंच (प्रत्येक आरोग्य-अवस्थेला किती मूल्य द्यायचे ते सांगणारा तक्ता) लावायचा हे शोधले जाते आणि सगळ्यात शेवटी, नेमके काय मोजायचे होते, हा प्रश्न पडतो. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत.

उदाहरण म्हणून गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेची तुलना औषधे आणि व्यायाम या नेहमीच्या उपचाराशी केली आहे. त्यातील रुग्णांचे आकडे पद्धत समजावी एवढ्यासाठी घेतलेले काल्पनिक आकडे आहेत.

## टप्पा १ : निर्णयाचा प्रश्न एका वाक्यात लिहा

कोणते रुग्ण, कोणत्या दोन उपचारांची तुलना, कोणाच्या दृष्टिकोनातून आणि किती काळापर्यंत, या चार गोष्टी एका वाक्यात मावल्या पाहिजेत. "गुडघेबदलामुळे जीवनमान सुधारते का" हा प्रश्न मूल्यमापनासाठी अपुरा आहे. "तीव्र संधिवात असलेल्या ५० वर्षांवरील रुग्णांमध्ये, नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत, गुडघेबदलामुळे एका वर्षात आणि उर्वरित आयुष्यात किती क्वाली अधिक मिळतात" या प्रश्नावर काम करता येते.

क्वाली म्हणजे गुणवत्तेनुसार समायोजित केलेले आयुष्याचे एक वर्ष. पूर्ण आरोग्यात काढलेले एक वर्ष म्हणजे १ क्वाली, ०.५ मूल्याच्या अवस्थेत काढलेली दोन वर्षे म्हणजेही १ क्वाली. या मापपट्टीवर मृत्यूचे मूल्य ० असते, आणि मृत्यूपेक्षाही वाईट मानल्या गेलेल्या अवस्थांना उणे मूल्य मिळते.

याच टप्प्यावर क्वाली घ्यायची की डॅली, हेही ठरवा. डॅलीमध्ये अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि विकलांगतेत काढलेली वर्षे यांची बेरीज असते, त्यामुळे तिची दिशा उलटी आहे: डॅली टाळायच्या असतात, क्वाली मिळवायच्या असतात. रोगभाराचा अंदाज बांधण्यासाठी डॅली सोयीची आहे. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया' या यंत्रणेकडे जाणाऱ्या अभ्यासांसाठी मात्र क्वाली हेच अपेक्षित माप आहे.

इशारा. १ मधून विकलांगता-भार (डॅलीत आजाराच्या तीव्रतेनुसार धरला जाणारा आकडा) वजा करून येणाऱ्या आकड्याला उपयोगिता-मूल्य (क्वालीच्या पट्टीवरील अवस्थेचे मूल्य) म्हणू नका. दोन्ही आकडे ० ते १ या पट्टीवर शेजारी बसल्यासारखे दिसतात, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. शिवाय डॅलीच्या जुन्या गणनांमध्ये वयानुसार भार आणि ३ टक्के वटाव (भविष्यातील वर्षांचे मोल दरवर्षी ठरावीक दराने कमी धरणे) धरलेला असे, तर जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१० च्या आवृत्तीपासून हे दोन्ही काढून टाकले गेले. जुना आणि नवा आकडा एकाच तक्त्यात आला, तर तुलना तिथेच कोसळते.

## टप्पा २ : अवस्थेचे वर्णन कशाने करायचे ते निवडा

मूल्य देण्याआधी अवस्थेचे वर्णन करावे लागते. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ईक्यू-५डी-५एल ही प्रश्नावली. तिच्यात हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता आणि चिंता किंवा नैराश्य अशी पाच परिमाणे असून प्रत्येकाच्या पाच पातळ्या आहेत. त्यातून ३१२५ अवस्था तयार होतात. आधीच्या ३एल आवृत्तीत तीन पातळ्या आणि २४३ अवस्था होत्या.

गुडघ्यासाठी हे साधन चांगले चालते, कारण हालचाल आणि वेदना ही दोन्ही परिमाणे त्यात थेट विचारली जातात. मोतीबिंदू किंवा बहिरेपण यांच्या बाबतीत मात्र दहादा विचार करा: दृष्टी आणि श्रवण यांसाठी ईक्यू-५डीमध्ये स्वतंत्र प्रश्नच नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर वृत्तपत्र वाचू लागलेल्या रुग्णाचा आकडा जागचा हलणार नाही असेही घडते. एचयूआय-३ या साधनात दृष्टी आणि श्रवण आहेत, पण त्याचे गुणांकन कॅनडातील लोकांच्या पसंतीवरून तयार झालेले आहे. या दोन अडचणींपैकी कोणती स्वीकारली आणि का, हे आराखड्यात लिहावे. मुलांसाठी प्रश्नावलीची वेगळी आवृत्ती आहे. प्रौढांची प्रश्नावली सोपी करून मुलांना विचारू नये आणि प्रौढांचा मूल्यसंचही मुलांना लावू नये.

प्रश्नावली वापरण्यापूर्वी ती तयार करणाऱ्या युरोक्वॉल संस्थेकडे नोंदणी करून मराठी आवृत्ती तिथूनच घ्या. स्वतः केलेले भाषांतर कितीही चांगले असले तरी ते त्या मूल्यसंचाशी जोडता येत नाही. "थोडासा त्रास" आणि "मध्यम त्रास" यांतील अंतर शब्दांवरच उभे असते, आणि एक शब्द बदलला की पातळीही सरकते.

पडताळणी. प्रश्नावलीतील काळ "आज" हा आहे. प्रश्न विचारणाऱ्याने "गेल्या महिन्यात कसे होते?" असे विचारायला सुरुवात केली आहे का, हे पहिल्या दहा मुलाखतींतच ऐकून घ्या.

## टप्पा ३ : मोजणीच्या वेळा उपचाराच्या चढउतारांवर बसवा

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि नंतर तो दुरुस्त करता येत नाही.

प्रश्नावली फक्त "आज"चे सांगते. दोन मोजणींच्या मधल्या काळात काय घडले, याविषयी गणित सरळ रेषा गृहीत धरते. गुडघेबदलाच्या रुग्णाचे मूल्य शस्त्रक्रियेपूर्वी ०.४० आणि तीन महिन्यांनी ०.६० असेल, तर सरळ रेषेने त्या पाव वर्षाचे (०.४० + ०.६०) ÷ २ × ०.२५ = ०.१२५ क्वाली येतात. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे वेदनेचे असतात. दुसऱ्या आठवड्यात मूल्य ०.२० पर्यंत उतरले होते असे मोजले गेले, तर पहिल्या दोन आठवड्यांचे ०.०१२ आणि उरलेल्या अकरा आठवड्यांचे ०.०८५ मिळून सुमारे ०.०९६ क्वालीच होतात. एका मोजणीच्या अभावी शस्त्रक्रियेच्या पदरात जवळपास ०.०३ क्वाली फुकट पडले.

केमोथेरपीमध्येही हीच चूक होते. रुग्ण औषध चढवून घ्यायला येतो तेव्हाच प्रश्नावली भरून घेतली, तर प्रत्येक वेळी मोजणी चक्राच्या एकाच टोकाला होते आणि मधले वाईट दिवस कधीच नोंदले जात नाहीत. रुग्णाच्या सोयीसाठी मोजणी भेटीच्या दिवशीच ठेवावी लागत असेल, तर निदान काही मोजण्या दूरध्वनीवरून चक्राच्या मध्यावर घ्याव्यात.

इशारा. दोन्ही गटांच्या मोजणीच्या वेळा सारख्याच हव्यात. शस्त्रक्रियेच्या गटाला टाके काढण्याच्या भेटीत विचारले आणि दुसऱ्या गटाला त्या काळात विचारलेच नाही, तर गट वेगळे नसतानाही फरक दिसू शकतो.

## टप्पा ४ : मूल्य कोणाचे, हे आधी ठरवा

रुग्ण सांगतो तो अवस्थेचा तपशील. त्या अवस्थेचे मूल्य मात्र बहुतेक पद्धतींत सामान्य नागरिकांच्या पसंतीवरून येते, कारण पैसा सार्वजनिक असतो आणि निवडही सर्वांच्या वतीने करायची असते. हे तत्त्व पटले नाही तरी चालेल. पण आपण ते वापरत आहोत, याची जाणीव लिहिणाऱ्याला हवी.

भारतासाठी ५एल आवृत्तीचा मूल्यसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चंदीगडच्या पीजीआयएमईआर या संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात ३५४८ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यात सर्वांत वाईट अवस्थेचे, म्हणजे ५५५५५ चे (पाचही परिमाणांत पाचवी पातळी), मूल्य उणे ०.९२३ आहे, आणि लोकांना सर्वाधिक नकोशी वाटलेली अडचण वेदना किंवा अस्वस्थतेची आहे. इंग्लंडच्या ५एल मूल्यसंचात याच अवस्थेचे मूल्य उणे ०.२८५ आहे. म्हणजे एकच रुग्ण, एकच प्रश्नावली आणि तळाशी ०.६ हून मोठा फरक. वेदना कमी करणाऱ्या उपचाराचा लाभ कोणता संच लावला यावर किती बदलेल, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून निर्णय ज्या लोकसंख्येसाठी आहे तिचाच मूल्यसंच मुख्य विश्लेषणात घ्यावा आणि त्याचे नाव आराखड्यातच लिहून टाकावे. विदा (डेटा) हाती आल्यावर तीन-चार संच लावून पाहणे आणि जो शोभून दिसतो तो ठेवणे, हा प्रकार मी प्रबंधांमध्ये इतक्यांदा पाहिला आहे की तो आता चूक मानलाच जात नाही. तो दोष आहे. दुसरा संच लावायचा असेल तर तो संवेदनशीलता विश्लेषणात (गृहीतक बदलल्यावर निकाल किती हलतो ते पाहताना), आधी जाहीर करून लावावा.

इशारा. ३एल आणि ५एल यांचे संकेतांक मिसळू नका. ३एलमध्ये "३" म्हणजे शेवटची, सर्वांत वाईट पातळी; ५एलमध्ये "३" म्हणजे मधली पातळी. विदासंचाच्या स्तंभाला नुसते "हालचाल" असे नाव दिलेले असेल, तर दोन वर्षांनी कोणालाही ही चूक पकडता येणार नाही. स्तंभाच्या नावातच आवृत्ती लिहा.

## टप्पा ५ : मूल्य थेट विचारून काढायचे असेल तर

तयार मूल्यसंच उपलब्ध असेल तर हा टप्पा ओलांडून टप्पा ६ वर जावे. प्रश्नावलीत न मावणारी अवस्था असेल, उदाहरणार्थ गुडघेबदलानंतर झालेला जंतुसंसर्ग आणि त्यासाठीची दुसरी शस्त्रक्रिया, तर तिचे वर्णन लिहून लोकांना थेट विचारावे लागते. त्यासाठीच्या तीन पद्धतींपैकी एकच निवडायची असते.

पहिली दृश्य मापपट्टी. ० ते १०० च्या पट्टीवर खूण करायची. ती सोपी आहे, पण तिच्यात उत्तर देणाऱ्याला काहीही सोडावे लागत नाही आणि लोक पट्टीच्या दोन्ही टोकांपासून दूर राहतात. ईक्यू-५डीसोबत येणारी अशी पट्टी रुग्णाचे स्वतःचे मत नोंदवण्यासाठी आहे. तिच्यावरील आकड्याला १०० ने भागून क्वाली काढू नका.

दुसरी स्टँडर्ड गॅम्बल. एका बाजूला ती अवस्था निश्चितपणे, दुसऱ्या बाजूला पूर्ण आरोग्य किंवा तात्काळ मृत्यू यांचा जुगार. ज्या संभाव्यतेवर दोन्ही बाजू सारख्या वाटतात तेच मूल्य. पूर्ण आरोग्याची शक्यता ८५ टक्के असताना दोन्ही सारखे वाटले, तर मूल्य ०.८५. हिचा पाया अपेक्षित उपयोगितेच्या सिद्धान्तात आहे, पण लोक धोका टाळतात म्हणून हिची मूल्ये सहसा चढी येतात, आणि संभाव्यता समजावून सांगण्यातच मुलाखतीचा बराच वेळ जातो.

तिसरी टाइम ट्रेड-ऑफ, म्हणजे आयुष्याच्या वर्षांची देवघेव. भारतीय मूल्यसंचातही हिचेच संमिश्र रूप, पर्याय-निवडीच्या प्रश्नांच्या जोडीने, वापरले गेले. माझा कल हिच्याकडे आहे, म्हणून तिची कृती सविस्तर देतो.

१. सुरुवात खऱ्या प्रश्नाने करू नका. आधी चाकाच्या खुर्चीत राहण्याचे सरावाचे उदाहरण घ्या. त्यात मृत्यूपेक्षा बरी आणि मृत्यूपेक्षा वाईट, अशा दोन्ही प्रकारच्या अवस्थांचे प्रश्न कसे चालतात हे दाखवा.

२. मग अवस्थेचे कार्ड द्या आणि विचारा: या अवस्थेत दहा वर्षे, की पूर्ण आरोग्यात त्याहून कमी वर्षे? वर्षे वरखाली करत, दोन्ही पर्याय सारखे वाटतील तिथे थांबा. पूर्ण आरोग्याची ७ वर्षे आणि त्या अवस्थेतील १० वर्षे सारखी वाटली, तर मूल्य ७ ÷ १० = ०.७.

३. "यापेक्षा लगेच मृत्यू बरा" असे उत्तर आले तर प्रश्नाची मांडणी बदलते. एका पर्यायात आधी १० वर्षे पूर्ण आरोग्याची आणि त्यानंतर १० वर्षे त्या अवस्थेची. दुसऱ्या पर्यायात फक्त काही वर्षे पूर्ण आरोग्याची. दोन्ही ६ वर्षांवर सारखे वाटले, तर मूल्य (६ − १०) ÷ १० = उणे ०.४. या मांडणीत मूल्य उणे १ च्या खाली जाऊ शकत नाही.

४. शेवटी सर्व अवस्था उत्तरकर्त्याने दिलेल्या क्रमाने दाखवा आणि एखादी जागा चुकली असे त्यांना वाटते का, ते विचारा.

आता मराठी घरांत ही मुलाखत घेताना काय होते, ते सांगणे आवश्यक आहे, कारण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ते नसते. साठीच्या पुढच्या आजींना "लगेच मृत्यू" हा पर्याय मोठ्याने वाचून दाखवला की शेजारी बसलेली सून किंवा मुलगा "असं अभद्र बोलू नका" म्हणून मध्ये पडतो आणि आजींचे उत्तर तिथेच बदलते. कित्येक काका "आयुष्य देवाच्या हातात आहे, मी कोण ते कमी करणारा?" असे म्हणून एकही वर्ष सोडायला तयार होत नाहीत. अशा उत्तराला "अवस्थेचे मूल्य १" असे समजणे चूक आहे, आणि ते उत्तर गुपचूप गाळणेही चूक आहे. देवघेव नाकारणाऱ्यांची नोंद वेगळ्या रकान्यात कारणासह करा आणि त्यांना धरून व वगळून असे दोन निकाल द्या. मुलाखत शक्यतो एकांतात घ्या. वयस्कर माणसाशी बोलताना "तुमच्या बाबतीत असं झालं तर" ऐवजी "समजा, एखादी व्यक्ती आहे" असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण मग माणूस स्वतःसाठी उत्तर देत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच "हे सगळं कल्पनेतलं आहे, तुमच्याविषयी काही सूचित करायचं नाही" असे स्पष्ट सांगून परवानगी घ्यावी.

पडताळणी. दर आठवड्याला प्रत्येक मुलाखतकाराची विदा तपासा. चार खुणा धोक्याच्या आहेत: सरावाचे उदाहरण तीन मिनिटांच्या आत संपले, त्या उदाहरणात मृत्यूपेक्षा वाईट अवस्थेचा भाग समजावलाच नाही, दहा प्रश्न पाच मिनिटांच्या आत उरकले, किंवा ५५५५५ या अवस्थेला सर्वांत कमी मूल्य न मिळता ते सर्वांत कमी मूल्यापेक्षा ०.५ किंवा अधिक वर राहिले. या खुणा एकाच मुलाखतकाराकडे वारंवार दिसल्या तर दोष उत्तरकर्त्यांचा नसतो. त्या मुलाखतकाराला पुन्हा प्रशिक्षण द्यावे लागते.

इशारा. एकाच प्रतिमानात (आजाराचा पुढचा प्रवास गणिताने मांडणाऱ्या मॉडेलमध्ये) काही मूल्ये स्टँडर्ड गॅम्बलची, काही दृश्य पट्टीची आणि काही टाइम ट्रेड-ऑफची घेतली, तर अवस्थांमधला फरक आजाराचा की पद्धतीचा, हे कोणालाही सांगता येणार नाही.

## टप्पा ६ : संकेतांकांचे मूल्यात रूपांतर

रुग्णाची अवस्था २१२३२ अशी लिहिली असेल, तर ती पाच स्वतंत्र अंकांची ओळ आहे, एकवीस हजार दोनशे बत्तीस ही संख्या नव्हे. तिची सरासरी काढता येत नाही. पाचही अंकांची बेरीज करून "गुण" देणेही योग्य नाही, कारण वेदनेची एक पातळी आणि स्वतःच्या काळजीची एक पातळी लोकांच्या लेखी सारखी नाही. नेमका हाच भार मूल्यसंच देतो.

प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक मोजणीला आधी मूल्य द्या आणि सरासरी त्यानंतर काढा. "सरासरी अवस्था" शोधून तिला मूल्य देण्याचा उलटा मार्ग घेऊ नका.

पडताळणी. रूपांतराच्या सूत्रात ११११ नव्हे, तर पाच अंकी १११११ टाका. उत्तर १ आले पाहिजे. मग ५५५५५ टाका. भारतीय संचात उणे ०.९२३ आले पाहिजे. उणे मूल्ये सॉफ्टवेअरने शून्यावर छाटली नाहीत ना, हे पाहा. उणे मूल्य वैध आहे, आणि ते शून्य केले तर सर्वांत त्रस्त रुग्णांची सुधारणा कमी दिसते.

## टप्पा ७ : वेळेवर पसरवा, म्हणजे क्षेत्रफळ काढा

मूल्य आणि काळ यांच्या आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे क्वाली. लागोपाठच्या दोन मोजणींमधला तुकडा हा एक समलंब चौकोन असतो: दोन्ही मूल्यांची सरासरी गुणिले वर्षांत मोजलेले अंतर.

उदाहरणातील शस्त्रक्रिया-गटाची सरासरी मूल्ये सुरुवातीला ०.४०, ३ महिन्यांनी ०.६०, ६ महिन्यांनी ०.७० आणि १२ महिन्यांनी ०.८० धरू. दुसऱ्या आठवड्याची मोजणी आकडेमोड सुटसुटीत राहावी म्हणून येथे बाजूला ठेवली आहे.

- ० ते ३ महिने : (०.४० + ०.६०) ÷ २ × ०.२५ = ०.१२५०
- ३ ते ६ महिने : (०.६० + ०.७०) ÷ २ × ०.२५ = ०.१६२५
- ६ ते १२ महिने : (०.७० + ०.८०) ÷ २ × ०.५० = ०.३७५०
- एकूण : ०.६६२५ क्वाली

चारही आकड्यांची साधी सरासरी ०.६२५ येते, कारण तिच्यात तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे अंतर सारखेच धरले जाते. फक्त शेवटचा आकडा घेतला तर ०.८० येतो, आणि तो सरळसरळ फुगवलेला आहे.

नेहमीच्या उपचाराच्या गटात मूल्ये ०.४६, ०.५०, ०.५२, ०.५२ अशी असतील, तर त्याच रीतीने ०.५०७५ क्वाली येतात. फरक ०.१५५.

अभ्यासाच्या काळात रुग्ण दगावला तर काय करायचे, यात मोठी गफलत होते. मृत रुग्णाला "माहिती नाही" म्हणून वगळू नका. मृत्यूच्या दिवसापासून त्याचे मूल्य ० आहे. पण ते शून्य कुठे ठेवायचे हेही तितकेच महत्त्वाचे. समजा, सहाव्या महिन्यात ०.७० असलेला रुग्ण आठव्या महिन्यात गेला. शून्य बाराव्या महिन्याच्या मोजणीवर ठेवले, तर ६ ते १२ महिन्यांचे (०.७० + ०) ÷ २ × ०.५ = ०.१७५ क्वाली येतात. मृत्यूपर्यंत त्याचे मूल्य ०.७० वरच टिकले असे उदारपणे धरले तरी दोन महिन्यांचे ०.११७ च होतात, आणि सरळ रेषेने उतरले असे धरले तर ०.०५८. म्हणजे पहिल्या रीतीत मृत्यूनंतरचे क्वालीही मोजले गेले. मृत्यूची तारीख नोंदवा, आणि उरलेल्या दोन गृहीतकांपैकी एक आधीच ठरवून ठेवा.

## टप्पा ८ : सुरुवातीचा फरक आणि हरवलेली माहिती

वरच्या उदाहरणात दोन्ही गट एका रेषेवरून निघालेले नाहीत. शस्त्रक्रियेचा गट ०.४० वर होता, दुसरा ०.४६ वर. सुरुवातीचे मूल्य क्षेत्रफळातही येते आणि पुढच्या मूल्यांशीही निगडित असते, म्हणून ०.१५५ हा फरक शस्त्रक्रियेचा लाभ कमी दाखवतो. दुरुस्ती रिग्रेशनने (परिणामावर प्रत्येक घटकाचा वाटा वेगळा काढणाऱ्या सांख्यिकी रीतीने) करावी: परिणाम म्हणून क्वाली, स्वतंत्र चले म्हणून गट आणि सुरुवातीचे मूल्य. यादृच्छिक वाटणी झाली होती म्हणून ही दुरुस्ती नको, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. पण लहान अभ्यासात योगायोगाने पडलेला ०.०६ चा फरक निकाल हलवायला पुरेसा असतो.

माहिती हरवली असेल तर फक्त पूर्ण नोंदी असलेल्या रुग्णांवर निकाल बेतू नका. बरे वाटलेले पुण्याहून गावी परत गेले म्हणून आले नाहीत, की चालता येत नव्हते म्हणून आले नाहीत, यावर चुकीची दिशा अवलंबून असते. न येण्याचे कारण दूरध्वनीवर विचारून नोंदवावे, मग मल्टिपल इम्प्युटेशन (हरवलेल्या जागी संभाव्य मूल्ये अनेक वेळा भरून निकाल एकत्र करणे) वापरावे, आणि हरवलेले रुग्ण आलेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते असे धरून निकाल पुन्हा काढावा.

## टप्पा ९ : पुढील आयुष्य आणि वटाव

एका वर्षाच्या पुढचे आयुष्य प्रतिमानाने मांडताना तीन चुका नेहमी दिसतात.

पहिली, बरे झालेल्या रुग्णाला १ हे मूल्य देणे. ६५ वर्षांच्या माणसाचा गुडघा उत्तम झाला तरी त्या वयाच्या लोकसंख्येचे सरासरी मूल्य १ पेक्षा कमीच असते. त्याच सरासरीला कमाल मर्यादा माना.

दुसरी, दोन आजारांची घट सरळ वजा करणे. एका आजाराचे मूल्य ०.८० आणि दुसऱ्याचे ०.७० असेल, तर वजाबाकीने ०.५०, गुणाकाराने ०.५६ आणि किमान मूल्य घेतल्यास ०.७० येते. गुणाकार मुख्य विश्लेषणात ठेवणे बहुतेक वेळा सयुक्तिक असते. काहीही निवडा, पण सर्व अवस्थांना तेच लावा.

तिसरी, वटाव विसरणे किंवा फक्त खर्चालाच लावणे. भारतीय आराखड्यात खर्च आणि परिणाम दोन्हींना ३ टक्के दर आहे. दहा वर्षे दरवर्षी ०.८० असेल तर वटावाशिवाय ८ क्वाली होतात. पहिल्या वर्षाला वटाव न लावता ३ टक्क्यांनी ७.०३, आणि पहिल्या वर्षापासूनच लावला तर ६.८२. दोन्ही रीती प्रचलित आहेत. खर्चाला एक आणि क्वालीला दुसरी असे मात्र होऊ देऊ नका.

## टप्पा १० : अनिश्चितता आणि अहवाल

संभाव्यताधारित विश्लेषणात (प्रत्येक आकडा त्याच्या शक्यतेच्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा निवडून निकाल काढताना) उपयोगिता-मूल्यांना सहसा बीटा वितरण देतात. सरासरी ०.७० आणि प्रमाण त्रुटी ०.०५ असेल, तर ०.७० × ०.३० = ०.२१; त्याला ०.००२५ ने भागून ८४. त्यातून १ वजा करून ८३. मग अल्फा ०.७० × ८३ = ५८.१ आणि बीटा ०.३० × ८३ = २४.९. येथे प्रमाण त्रुटीच घ्यायची असते. प्रमाण विचलन टाकले तर रुग्णा-रुग्णांतील नैसर्गिक फरक हाच सरासरीविषयीचा अज्ञातपणा ठरतो आणि निष्कर्षाचा पट्टा विनाकारण रुंदावतो. शून्याजवळच्या किंवा उणे मूल्यांना बीटा बसत नाही. तिथे १ मधून मूल्य वजा करून येणाऱ्या घटीला गॅमा वितरण द्यावे.

अहवालात पुढील गोष्टी एकाच परिच्छेदात सापडल्या पाहिजेत: प्रश्नावलीची आवृत्ती आणि भाषा, उत्तर रुग्णाने दिले की नातेवाइकाने, मोजणीच्या वेळा आणि प्रत्येक वेळी उत्तर देणाऱ्यांची संख्या, मूल्यसंचाचा देश आणि वर्ष, मृत्यू व हरवलेली माहिती यांची हाताळणी, आणि वटावाची रीत. पाच परिमाणांतील पातळ्यांचे वितरण वेगळ्या तक्त्यात द्या, म्हणजे उद्या नवा मूल्यसंच आला तरी तुमची विदा पुन्हा वापरता येईल.

पडताळणी. अहवाल पाठवण्यापूर्वी, ज्याने विश्लेषण केले नाही अशा सहकाऱ्याला तीन रुग्णांच्या मूळ प्रश्नावल्या द्या आणि कागदावर क्वाली काढायला सांगा. त्याचे उत्तर तुमच्या तक्त्याशी चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळले नाही, तर टप्पा ६ पासून पुन्हा पाहा. त्या तिघांत एक दगावलेला रुग्ण आणि एक उणे मूल्याचा रुग्ण अवश्य असू द्या.